त्या पंगतीत वहिनी कुठे होती?

पत्र एरंडोल तालुक्यातल्या एका धाकट्या मुलाचं आहे. नाव-गाव गाळून थोडक्यात देते:

"मावशी, मी नोकरीला पुण्यात असतो. मधली दोन वर्षं कंपनीने अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे एका सहकाऱ्याच्या घरी थँक्सगिव्हिंगला जेवायला गेलो. जेवणाआधी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितलं. त्याची आजी बोलली तेव्हा मला रडू आलं. यंदा आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) घरी आम्ही अठरा जण जमलो. ताटं वाढून झाली तेव्हा मी म्हटलं, आज जेवणाआधी प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची. आप्पा म्हणाले, 'रस काळा पडी ऱ्हायना (पडतोय).' दादा म्हणाला, 'माले नही येत असं बोलाले.' ताई म्हणाली, 'आभार मानायला शिकायला विमानात बसावं लागलं का रे?' पोरं हसली, आई डोळे पुसत उठली. वहिनी आतून पोळी घेऊन आली नि विचारू लागली, काय झालं म्हणून. पुढचं जेवण मुक्यानेच झालं. दादा अजून फोनवर तुटक बोलतो. माझं काय चुकलं? की आपल्या माणसांना कृतज्ञता म्हणजे काय हेच कळत नाही?"

अरे भाऊ, आधी ते शेवटचं वाक्य खोडून टाक. मग बोलू.

तुझा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. परक्या मुलखात घरची आठवण येत असताना कुणी आपल्याला त्यांच्या ताटावर बसवलं, तर ते मनात राहतंच. थँक्सगिव्हिंगही मुळात सुगीचाच सण. लिंकनने १८६३ साली, यादवी युद्धात घरातलीच माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी असताना, देशभर तो पाळायचं आवाहन केलं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली. माणसं हजार मैलांवरून घरी येतात, आपल्याकडे लेकी आखाजीला येतात तशी. आवडावा असाच सण आहे.

पण त्या जेवणाची एक गंमत तुझ्या ध्यानात आली नसावी. टर्की तीन-चार तास भट्टीत भाजली जाते आणि मग अख्खी टेबलावर येते. रांधणारी बाई ॲप्रन सोडते नि सगळ्यांबरोबर बसते. म्हणून तिथे सगळ्यांना एकदम बोलता येतं. आपल्याकडे काय होतं? चुलीवर मातीचं खापर पालथं, खाली लाकडं धडधडतायत, बाहेर जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला. एक बाई हातावर पोळी फिरवून फिरवून कोपरापर्यंत मोठी करते आणि खापरावर टाकते. पुरण फुटलं तर बोलणी, पोळी जाड झाली तरी बोलणी. अशा अठरा माणसांच्या पोळ्या. तुझ्या पत्रात ती बाई एकदाच येते, पोळी घेऊन. "काय झालं?" एवढंच विचारते.

तू प्रत्येकाने बोला म्हणालास. त्या प्रत्येकात वहिनी नव्हती. ताईचं टोचून बोलणं मला त्यामुळेच समजतं. ती स्वतः कुठल्यातरी घरची सून आहे, तिला हे दिसलं असणार.

दादाचंही तसंच. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण शेत तोच बघतो असं मी धरून चालते. आप्पांची औषधं, विहिरीची मोटर, भावकीतली लग्नं, सगळं त्याच्याच माथी. त्याला अठरा माणसांसमोर तू उभं केलंस नि म्हणालास, सांग, कशाबद्दल कृतज्ञ आहेस? नोकरीवरून चार दिवसांसाठी आलेल्या भावाने हे विचारलं की तो प्रश्न राहत नाही रे, परीक्षा होते. मी त्याच्या जागी असते तर मीही तुटकच बोलले असते. कदाचित अजून वाईट.

आता आप्पा. तू जेवणाआधी बोला म्हणालास, पण त्यांचं बोलून झालं होतं. सकाळी घागर भरली असेल ना? पाण्याने भरलेली मातीची घागर, वर डांगर (खरबूज), आंबा, सांजोरी. मग निखाऱ्यावर तूप नि पोळीचा घास टाकून पितरांना आगारी दिली असेल. त्या धुराकडे बघत आप्पा कुणाकुणाची नावं घेत होते, हे ऐकलंस का? आजा, पणजा, एखादी अकाली गेलेली आत्या. त्यांनी ठेवलं म्हणून आपण खातोय, हेच ते सांगत होते. तुझ्या टेबलावरच्या आजीने जे केलं, तेच. तेव्हा तू बहुतेक मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधत होतास. (रागावू नकोस. माझा मुलगा हेच करतो.)

आमच्या घरात आभार हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तो लग्नपत्रिकेत नि सभेत. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या आखाजीला मी चुलीपुढे रडकुंडीला आले होते. चार पोळ्या फाटल्या होत्या. सासरे जेवून उठले, हात धुतले, ओट्यावर जाताजाता दाराशी थांबले नि सासूबाईंना म्हणाले, "आज मनी मायना हातनी चव शे." म्हणजे, आज माझ्या आईच्या हातची चव आहे. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वाक्य मी अजून सांभाळून ठेवलंय. तेव्हा एका वाक्याने भागलं. आजच्या सुनेचं तेवढ्यावर भागू नये, असं माझं मत आहे. सासऱ्यांनी एक लाकूड जरी चुलीत सारलं असतं, तरी मला चाललं असतं.

मग तू काय करावंस?

पुढच्या आखाजीला दोन दिवस आधी जा. लाकडं फोड, आंबे पिळ. पोळ्या ऊन चढायच्या आधीच, सकाळी दहापर्यंत आटपू द्या. खापराची पोळी घडी घालून कापडात ठेवली की मऊच राहते, रसाबरोबर तर छानच लागते. "गरमच पाहिजे" हा हट्ट जेवणाऱ्यांचा, पोळीचा नव्हे. मग वहिनीसकट सगळ्यांना एका पंगतीला बसवा. वाढायला तू आणि दादा. कुणाला काही बोलायला लावू नकोस.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आखाजी हा लेकींचा सण. ताई माहेरी आली, झोक्यावर बसली, दुपारी पत्ते खेळली. वहिनीचं माहेर कुठे आहे? तिचा भाऊ मुराळी म्हणून, तिला माहेरी न्यायला, शेवटचा कधी आला, आणि "घरी पाव्हणे आहेत" म्हणून किती वेळा हात हलवत परत गेला? ताईला फोन करून विचार, ती सांगेल. मग आईशी नि ताईशी बोलून असं ठरवा की एखाद्या आखाजीला वहिनी माहेरी जाईल आणि पुरण तुम्ही भावंडं शिजवाल. बिघडलं तर बिघडलं.

दादाशी फोनवर समजूत घालत बसू नकोस. आता कपाशीच्या लागवडीची घाई सुरू होईल. दोन दिवस रजा टाक, त्याच्याबरोबर ठिबकच्या नळ्या अंथर. बांधावर चहा पिताना सांग त्याला की तू इथे राहिलास म्हणून मला जाता आलं. समोर बघून सांग, त्याच्याकडे नको. तो "चाल, मोटर चालू करनी शे" म्हणेल. तेच उत्तर समज आणि उठ.

आईचं काय, म्हणशील. आई का रडली ते तिलाच विचार. मी अंदाज करणार नाही.

एक राहिलंच. पुण्याला निघताना वहिनीने पिशवीत काय भरून दिलं, ते तू लिहिलं नाहीस. कुरडया, बिबडे असणारच. डबा अजून उघडला नसशील. आज उघड, चार कुरडया तळ, आणि तेल तापेपर्यंत तिच्या नंबरवर फोन लाव. दादाच्या नको, तिच्या.