आजोबांची नौदलातली मेडलं अपुरी आहेत. बाकीची विकत घेऊन संच पूर्ण करावा का?

विकत घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आजोबा १९७१ ला नौदलात होते, घरात दोनच मेडलं सापडली, तीही काळी पडलेली. उरलेली जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून घ्यायची, सगळी चकचकीत करायची आणि हॉलमध्ये फ्रेम लावायची. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुमचा प्रश्न वाचला आणि मी कपाट उघडून बसले, कारण हेच सगळं आमच्या घरात होऊन गेलंय.

आधी हातातलं मेडल आडवं धरा आणि कड बघा. नंबर, हुद्दा, नाव असं बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेलं दिसेल. पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार (एकाहत्तरच्या लढाईची ताऱ्याच्या आकाराची मेडलं) असेल तर उलटा करून बघा, नाव मागच्या बाजूला असतं. व्यापाऱ्याकडून आणाल त्या मेडलवरही असंच नाव असणार, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांचं. ते तुमच्या आजोबांच्या फोटोखाली लावणार का?

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, सतराव्या वर्षी सोलापुरातून भरती झाले. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकले आणि स्टोकर झाले, म्हणजे बॉयलरवरचे. १९५९ ते १९७४ अशी पंधरा वर्षं. एकाहत्तरला ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला भेगा गेल्या होत्या आणि तरी ते जहाज बंगालच्या उपसागरात नेलं, हे आता सगळीकडे छापून येतं. आम्ही ते लहानपणी जेवताना ऐकलंय. ४ डिसेंबरला डेकवरून सी हॉक विमानं पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली. अप्पांनी त्यातलं एकही उडताना पाहिलं नाही, ते खाली होते. "विमान फेकणाऱ्या कॅटापल्टला वाफ कुणाची? आमची," एवढंच ते म्हणायचे. परत आल्यावर गिरणीत बॉयलर अटेंडंट म्हणून लागले. सोलापूरचा मे महिना त्यांना कधी कडक वाटला नाही.

त्यांची पाच मेडलं. पासष्टच्या लढाईचं रक्षा मेडल, एकाहत्तरच्या लढाईचे पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हाचं १९७२ चं आणि नऊ वर्षांच्या सेवेचं. पत्र्याच्या ट्रंकेत बिस्किटाचा डबा, त्यात ती रुमालात बांधलेली. माझ्या लग्नात पाठवणीच्या आधी अप्पांनी मला आत बोलावलं आणि नऊ वर्षांचं मेडल हातात दिलं. सोबत टोपीवरची काळी फीत, जिच्यावर सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव असतं ती. "दादाला चार आहेत, तुला एक असू दे." आई शेजारीच उभी होती.

२०१५ ला अप्पा गेले. पुढच्या २६ जानेवारीला दादाच्या सोसायटीनं माजी सैनिकांच्या कुटुंबांचा सत्कार ठेवला. दादाचा फोन आला, "तुझ्याकडचं आण, पाच पूर्ण झाली पाहिजेत." मी म्हटलं, त्या दिवशी घेऊन येते, आधी देत नाही. तो चिडला. गड्ड्याची जत्रा चालू होती, त्याच आठवड्यात तो उरलेली चार मेडलं एका पॉलिशवाल्याकडे देऊन आला.

मी सत्काराला गेले तेव्हा टेबलावर लाल मखमलीवर चार मेडलं मांडलेली होती. चारही चकचकीत. अप्पांचा पूर्वी स्टार तांबूस काळपट होता, कोपऱ्यांवर हात फिरून फिरून जरा उजळलेला. तो आता खोट्या दागिन्यासारखा चमकत होता. मी उलटा केला. मागची बाजू आरशासारखी, आणि जिथे नाव होतं तिथे आडनावाच्या शेवटच्या दोन अक्षरांच्या शेपट्या तेवढ्या उरलेल्या. संग्राम मेडलची कड बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणायच्या, चाकावर धरली होती. नंबरातले पहिले तीन आकडे बोटाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. फितीही नव्या, साडीच्या दुकानातल्या साटीनच्या, रंग अंदाजानं घेतलेले. जुन्या फिती कुठे गेल्या ते पॉलिशवाल्याला आठवत नव्हतं.

दादा म्हणाला, "लांबून दिसायला नको का लोकांना?" मी तिथे काही बोलले नाही. रात्री घरी बोलले, आणि मग तोही बोलला. लग्न होऊन गेलेल्या मुलीनं माहेरच्या मेडलवर हक्क सांगू नये, मेडल मुलाकडेच जातं, असं त्याचं म्हणणं. आजही तेच आहे.

आता माझ्याकडचं एक तेवढं अप्पांचं पूर्ण नाव सांगतं. खिडकीपाशी तिरकं धरलं की अक्षरं दिसतात. एक आकडा बाकीच्यांपेक्षा खोल गेलाय, आणि त्या खाचेत काळं साचलंय म्हणूनच तो सगळ्यात आधी वाचता येतो. हे काळं तुम्ही काढायला निघाला आहात. काढू नका. पितांबरी नको, चिंच-मीठ नको, रांगोळी नको, सराफाचं पाणी तर नकोच. कोरड्या मऊ सुती कापडानं धूळ टिपायची, झालं. हिरवी बुरशीसारखी पूड धरली असेल तेवढीच लाकडी टूथपिकनं अलगद सोडवा. मेडलं एकमेकांवर घासणार नाहीत अशी वेगवेगळी ठेवा, धुतलेल्या जुन्या मलमलीत. वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि आजोबांच्या लोकरीच्या स्वेटरमध्येही ठेवू नका, लोकरीतल्या गंधकानं धातू काळा पडतो. स्वस्त मऊ प्लॅस्टिकची पाकिटंही त्याला चांगली नाहीत. फ्रेम लावायचीच तर ऊन येणाऱ्या भिंतीवर नको, फिती दोन उन्हाळ्यांत पांढऱ्या पडतील. आणि काचेला चिकटवून तर अजिबात नको. कड बघायला कधीतरी ते बाहेर काढावं लागतंच.

पण मेडलांच्या आधी कागद शोधा. सगळे मेडलांच्या मागे लागतात आणि कागद रद्दीत जातात. सर्व्हिस सर्टिफिकेटवर कोणत्या तारखेपासून कोणत्या जहाजावर होते ते असतं, आणि आजोबांना काय काय मिळायला हवं होतं ते त्यावरून ठरतं. एकाहत्तरच्या डिसेंबरात नोकरीत होते तर संग्राम मेडल असू शकतं. पूर्वेकडच्या लढाईत होते तर पूर्वी स्टार, कराचीच्या बाजूला तर पश्चिमी. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत होते तर पंचविसाव्या वर्षाचं. तुमच्याकडे दोनच सापडली म्हणजे बाकीची हरवली असंही नाही, कदाचित त्यांना तेवढीच मिळाली असतील. आमच्या अप्पांचं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाला घातलेल्या चादरीखाली निघालं, चार घड्या घातलेलं. लॅमिनेशन करू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका. स्कॅन करा आणि सपाट ठेवा.

कागद नसतील तर मुंबईला मानखुर्दच्या चीता कॅम्पात नौदलाचं ब्युरो ऑफ सेलर्स आहे, नौसैनिकांचं दप्तर तिथे असतं. आजी हयात असतील तर अर्ज त्यांच्या सहीनं करा. नंबर मेडलच्या कडेवर किंवा पेन्शनच्या कागदावर मिळेल. हरवलेल्या मेडलबद्दलही तिथेच विचारा. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. आजोबा अधिकारी असतील तर मात्र मानखुर्दचा उपयोग नाही, दिल्लीला मुख्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागेल.

फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा, आजी आहेत तोवर. पेननं नको.

फितींबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या अगदीच कुजल्या असतील तर योग्य रंगाच्या नव्या लावायला हरकत नाही, जुना तुकडा मात्र पाकिटात जपा. आणि फ्रेममध्ये जागा रिकामी दिसते म्हणून नक्कल लावलीतच, तर मागे 'नक्कल' असं स्पष्ट लिहा. तुमच्या नातवाला ते खरं वाटलं तर चूक तुमची.

दादाबद्दल मी जे लिहिलं ते खरं आहे. पण अप्पांच्या शेवटच्या दोन वर्षांत रात्री उठून त्यांना उचलणारा तोच होता, हेही खरं आहे. त्याला मेडलं विकायची नव्हती. त्याला अप्पांचा मान व्हायला हवा होता, तुम्हालाही तेच हवंय. म्हणून तर एवढं लिहिलं. विक्रांत मी अप्पांबरोबर मुंबईत पाहिलं होतं, संग्रहालय होतं तेव्हा. २०१४ ला ते तोडायला घेतलं. त्यानंतर अप्पा पेपर उलटा घडी करून ठेवायचे. जहाज गेलं. त्यांचं नाव ज्या पाच ठिकाणी कोरलेलं होतं त्यातलं एक धड उरलंय.

तुमच्या प्रश्नात वडिलांचा आणि काकांचा उल्लेख आहे, दोघांच्या घरी शोधलंत म्हणता. आत्या आहे का तुम्हाला? असेल तर बाजारात जाण्याआधी तिच्याकडे जा. एखादं मेडल, टोपीची फीत, जहाजावरून आलेली पत्रं, यातलं काहीतरी तिच्या कपाटात साड्यांखाली असण्याची शक्यता फार आहे, आणि ते तिला कुणीतरी हातात दिलेलं असेल. ते मागू नका. तिथेच बसून फोटो काढा, कडेवरचं नाव उतरवून घ्या, आणि कुणी, कधी, काय म्हणून दिलं ते विचारा. ती जे सांगेल ते त्याच दिवशी लिहून काढा.