वाचक विचारतात: आफ्रिकेतली गोड्या पाण्यातली कोळंबी नवी आहे, हे ठरवायचे कसे?

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेतल्या एका डोंगरी ओढ्यातल्या कॅरिडिना या वंशातल्या कोळंबीचे तुंड (डोक्याच्या पुढचा दातेरी काटा) कॅरिडिना आफ्रिकाना या आधीच नाव मिळालेल्या प्रजातीच्या चित्रातल्या तुंडापेक्षा आखूड दिसते, वरचे दातही कमी भरतात. एवढ्यावर नवी प्रजाती म्हणता येईल का?

उत्तर: नाही. तुंड चटकन नजरेत भरते, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. एकाच ओढ्यातल्या लहान-मोठ्या कोळंब्यांत त्याची लांबी बदलते. मोडलेले तुंड कात टाकल्यावर पुन्हा वाढते, तेही बहुधा आखूड आणि वेडेवाकडे. म्हणून पूर्ण वाढलेले निदान 15 ते 20 नमुने हवेत, त्यात नरही हवेत आणि अंडी धरलेल्या माद्याही. दात मोजताना तीन आकडे वेगळे लिहा: वरचे एकूण, त्यांपैकी डोळ्याच्या खोबणीच्या मागे कवचावर असलेले, आणि खालचे. कवचाची लांबी खोबणीच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजा. तुंडासकट मोजलेली लांबी तुलनेला निरुपयोगी ठरते.

खरी पारख सूक्ष्मदर्शकाखाली होते. पायांच्या पहिल्या जोडीत चिमट्यामागच्या सांध्याची लांबी त्याच्या रुंदीच्या किती पट आहे ते काढा. पाचव्या जोडीच्या शेवटच्या सांध्यावर कंगव्यासारखे बारीक काटे असतात, ते मोजा. शेपटीच्या बाजूच्या बाहेरच्या पंखावर आडवी शिवण असते, तिच्यावरचे हलणारे काटे मोजा. टेल्सनवरच्या (शेपटीच्या मधल्या पट्टीवरच्या) काट्यांच्या जोड्या आणि त्याच्या टोकाचे काटे नोंदवा. नरांत पोहण्याच्या पहिल्या पायाची आतली पाकळी आणि दुसऱ्या पायावरचा नर-उपांग (फक्त नरात असलेली छोटी कांडी) यांचे आकार पाहा. जवळच्या प्रजाती वेगळ्या करायला यांचा फार उपयोग होतो. नर पकडलाच नसेल, तर वर्णन लिहायला बसू नका.

अंड्यांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते, आणि ते खटकते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान आणि शेकड्यांनी अंडी असतील, तर पिले बहुधा काही काळ पाण्यात तरंगत वाढतात आणि दूरवर पसरू शकतात. मिलिमीटरच्या आसपासची मोजकीच अंडी असतील, तर त्यांतून बहुधा जवळजवळ पूर्ण घडलेले पिलू बाहेर पडते. अशी कोळंबी एकाच खोऱ्यात अडकून वेगळी होत जाण्याचा संभव जास्त. मात्र अंड्यात डोळे दिसू लागले आहेत की नाही, हे प्रत्येक मापासोबत लिहा. वाढीबरोबर अंडे मोठे होते. दोन्ही अवस्थांची मापे मिसळली की सरासरीला अर्थ उरत नाही.

प्रश्न: नमुने 96 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले, तर पाय गळून पडले आणि अंग ठिसूळ झाले. काय चुकले?

उत्तर: दोन गोष्टी चुकल्या असाव्यात. जिवंत कोळंबी थेट कडक अल्कोहोलमध्ये गेली की झटक्यासरशी पाय टाकून देते. आधी बर्फाच्या पाण्यात किंवा लवंग तेलाच्या अगदी सौम्य द्रावणात ती पूर्ण निपचित होऊ द्या. दुसरे म्हणजे एकाच बाटलीकडून दोन कामांची अपेक्षा. 96 टक्के अल्कोहोल डीएनएसाठी उत्तम, पण त्यात अंग कडक होते. रचना पाहण्यासाठीचे नमुने 70 ते 75 टक्क्यांत ठेवा. डीएनएसाठी काही नमुने वेगळे काढा किंवा पोटाच्या स्नायूचा 2 ते 3 मिलिमीटरचा तुकडा वेगळ्या नळीत ठेवा आणि दोन्हींना एकच क्रमांक द्या. नळीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कोळंब्यांनी भरू नका, आणि अल्कोहोल 24 तासांनी बदला. अंगातल्या पाण्याने ते पातळ होते, मग डीएनए तुटत जातो. डीएनए हवा असेल तर फॉर्मालिन नकोच. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून नळीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. रंगही लवकर जातो, म्हणून फोटो कोळंबी जिवंत असतानाच घ्या.

काठच्या झाडांच्या पाण्यातल्या मुळांखालून जाळी फिरवताना उंच रबरी बूट घाला. आफ्रिकेतल्या बऱ्याच संथ पाण्यात बिलहार्झिया या परजीवी रोगाचे जंतू असतात आणि ते अखंड कातडीतूनही शिरतात.

प्रश्न: डीएनए वेगळा निघाला, तर जुन्या संग्रहातले नमुने तपासायची गरज काय?

उत्तर: कारण वेगळेपण सिद्ध करायचे ते आधी दिलेल्या प्रत्येक नावाशी, आणि नाव बांधलेले असते प्रकारनमुन्याला, म्हणजे ज्या नमुन्यावरून ते मुळात दिले त्याला. आफ्रिकेच्या बाबतीत सगळ्यात जड काम हेच आहे. निलोटिका हे नाव नाईलमधल्या कोळंबीला 1833 मध्ये मिळाले. पुढे आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या कितीतरी कोळंब्या त्याच नावाखाली किंवा तिचे उपप्रकार म्हणून नोंदल्या गेल्या. आफ्रिकानाचे वर्णन 1882 चे, आजच्या गरजेला फार अपुरे. जास्मिन रिचर्ड आणि पॉल क्लार्क यांनी 2009 मध्ये आफ्रिकाना, टोगोएन्सिस, नतालेन्सिस आणि रूबॉडी या चार जुन्या प्रजातींचे पुन्हा वर्णन केले, आणि त्याच कामात 14 नव्या प्रजाती मांडल्या. कामाची योग्य दिशा हीच: जुने नाव नेमके कोणाचे ते आधी ठरवा, मग नव्याकडे वळा.

डीएनएही फसवतो. सीओआय या मायटोकाँड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा सहसा वापरतात, पण त्याच्या जुन्या निकामी प्रती पेशीकेंद्रात असू शकतात आणि चुकून त्याच वाचल्या जातात. मध्येच थांब-संकेत (प्रथिन बनणे थांबवणारी अक्षरे) दिसला किंवा डीएनए वाचनाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे आली, तर तो क्रम बाजूला ठेवा आणि 16एस या दुसऱ्या जनुकाशी ताडून पाहा. इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, अशी सर्वमान्य रेघ नाही. जुन्या प्रकारनमुन्यातून डीएनए मिळत नसेल, तर त्याच्या मूळ ठिकाणाहून ताजे नमुने आणून तुलना करावी.

प्रश्न: नाव वैध ठरण्यासाठी किमान काय लागते?

उत्तर: ही नवी प्रजाती आहे असे स्पष्ट लिहा, इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे शब्दांत द्या, होलोटाइप (नावाचा आधार म्हणून निवडलेला एकच नमुना) कोणता आणि कोणत्या संग्रहात आहे ते सांगा. होलोटाइप शक्यतो अखंड ठेवा. पाय सोडवून चित्रे काढायची ती पॅराटाइपची (त्याच वर्णनातल्या इतर नमुन्यांची), आणि तीही एकाच बाजूचे अवयव काढून. फक्त ऑनलाइन छापत असाल, तर 2012 पासून झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतली नोंद आवश्यक आहे आणि ती झाल्याचा पुरावा लेखातच दिसला पाहिजे. कॅरिडिना स्त्रीलिंगी असल्याने विशेषण तसेच हवे: आफ्रिकानस नव्हे, आफ्रिकाना. एका स्त्रीच्या सन्मानार्थ नाव दिले, तर शेवट सहसा ‘-ए’ (रोमन लिपीत ae) होतो. लेख छापून येईपर्यंत नाव पोस्टरवर किंवा बातमीत देऊ नका. वर्णनाशिवाय फिरणारे नाव वैध नसते, त्याने नुसता गोंधळ माजतो.

नमुने देशाबाहेर नेण्याची परवानगी जाळी टाकण्याआधी घ्या, जनुकीय सामग्रीसाठी नागोया करारही (तिच्या वापराचा लाभ मूळ देशालाही मिळावा यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होऊ शकतो. होलोटाइप त्याच देशात राहिला तर उत्तम. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी मखांडाचे अल्बनी म्युझियम आणि केपटाऊनचे इझिको म्युझियम आहेत. तिथल्या पुढच्या अभ्यासकाला आपल्याच नदीतली कोळंबी पाहण्यासाठी युरोप गाठावा लागू नये.