स्पर्धा कायदा: ‘लेखी काहीच नाही’ म्हणून सुटका नाही

मोठी कंपनी म्हणजे मक्तेदारी आणि मक्तेदारी म्हणजे गुन्हा, असं धरून चालणारी पत्रं अजूनही येतात. त्यातली काही इथे घेतो.

आमच्या क्षेत्रात निम्म्याहून जास्त बाजार एकाच कंपनीकडे आहे. कारवाई का होत नाही?

नुसतं मोठं असणं बेकायदा नाही म्हणून. 2002च्या स्पर्धा कायद्यानुसार बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर दाखवावा लागतो. कंपनीने नेमकं काय केलं ते कळवा.

नवी कंपनी तोटा सोसून विकतेय. तक्रार करू?

ती त्या बाजारात वर्चस्व असलेली आहे का? एअरटेलची जिओविरुद्धची तक्रार 2017मध्ये याच मुद्द्यावर फेटाळली गेली. खर्चाचे आकडे हाती असतील तर वकिलाला दाखवा. ऐकीव माहितीवर फी भरू नका.

दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त घेतो.

वैधमापन म्हणजे वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या विभागाकडे जा. स्पर्धा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाचा इथे संबंध नाही.

आमच्या व्यापारी संघटनेने बैठकीत किमान दर ठरवला. लेखी काही नाही, त्यामुळे काळजी नको असं सल्लागार म्हणतात.

काळजी कराच. कायद्यातल्या ‘करारा’च्या व्याख्येत तोंडी समजूत आणि संगनमताने केलेली कृतीसुद्धा येते. स्पर्धकांनी मिळून दर ठरवले, पुरवठा रोखला, गिऱ्हाईकं वाटून घेतली किंवा निविदा आधीच ठरवल्या, की स्पर्धेला बाधा आली असंच गृहीत धरलं जातं. ते खोडण्याची जबाबदारी तुमची. संघटनेच्या नावामागे लपता येत नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनांना, नवा घाऊक विक्रेता नेमण्याआधी कंपनीने संघटनेचं ‘ना हरकत पत्र’ घ्यावं या सक्तीवरून आयोगाने पुनःपुन्हा फटकारलं आहे. सिमेंट कंपन्यांना 2012मध्ये सुमारे 6,300 कोटींचा दंड झाला. ते प्रकरण अपिलांत वर्षानुवर्षं रेंगाळलं, पण त्यावरून कोणी निर्धास्त होऊ नये. दंड कंपनीपुरता थांबत नाही, जबाबदार पदाधिकाऱ्यांनाही भरावा लागू शकतो. आणि या सगळ्याचा भार शेवटी ज्याला दुसरीकडे जायची सोयच उरलेली नाही त्या गिऱ्हाइकावर पडतो, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

संगनमताची खरी आणि संपूर्ण माहिती आयोगाला सर्वांत आधी देणाऱ्याला दंडात 100 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, दुसऱ्याला 50, तिसऱ्याला 30. म्हणून थांबू नका. ग्रुपवरचे मेसेज पुसू नका, पुढच्या बैठकीला जाऊ नका आणि याच आठवड्यात स्पर्धा कायद्याचं काम करणारा वकील गाठा. बिनधास्त राहा सांगणाऱ्या सल्लागाराला तेच लेखी द्यायला सांगा.

प्रकार चार वर्षांपूर्वीचा आहे. आता तक्रार चालेल?

2023च्या दुरुस्तीने तीन वर्षांची मुदत घातली आहे. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तक्रार घेऊ शकतो. तुमचं कारण तसं आहे का, हे कागद पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही.