एलएसडी गेलंय, की ऑइल आणि टायर चुकलेत?

प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे मागच्या चाकांवर चालणारी जुनी कूपे आहे आणि आधीच्या मालकाने तिच्यात प्लेटवालं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, बसवलंय. (साधं डिफरन्शियल, म्हणजे डिफ, वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं; एलएसडी एका चाकाची पकड सुटली तरी दुसऱ्याला ताकद देतं, आणि प्लेटवाल्यात ते काम एकमेकींवर दाबलेल्या प्लेटा करतात.) पवईला सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी लावताना मागून कडकड आवाज येतो आणि गाडी धक्के खाते. पावसात जे.जे. उड्डाणपुलाच्या वळणावर जरा जास्त रेस दिली की मागचं एकच चाक फिरतं. गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, चाक हाताने फिरवून पाहिलं आणि सांगितलं, "डिफ संपलंय, नवीन टाका, दीड लाख." तुम्ही विचारताय, टाकू का?

नका टाकू. निदान आत्ता तरी नाही.

मी मुलुंडला एका वर्कशॉपमध्ये गेली अकरा वर्षं काम करतोय, त्यातली बरीचशी गिअरबॉक्स आणि डिफवर गेली. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या त्या शेवटच्या दोन ओळी. एक, मागचा डावा टायर फाटला म्हणून सहा महिन्यांपूर्वी तेवढा एकच नवा घेतला. दोन, गेल्या दिवाळीत सर्व्हिसिंगला डिफचं ऑइल बदललं. या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात, पण मी निदान तिथूनच सुरू करेन.

आधी तुमच्या दोन तक्रारी शेजारी ठेवून बघा. कडकड म्हणजे प्लेटा एकमेकींना धरतायत, सुटतायत, परत धरतायत. एकच चाक फिरणं म्हणजे प्लेटा पुरेशा धरत नाहीयेत. प्लेटा खरंच झिजून गुळगुळीत झाल्या असत्या तर पार्किंगमध्ये गाडी लोण्यासारखी वळली असती, आवाजच आला नसता. कडकड करणाऱ्या डिफमध्ये अजून जीव आहे. म्हणजे एक तर दुसऱ्या तक्रारीचं कारण वेगळं आहे, नाही तर दोन्हीच्या मुळाशी प्लेटांच्या बाहेरचं काही आहे.

आता ती हाताने चाक फिरवायची परीक्षा. दोन्ही मागची चाकं वर, गाडी न्यूट्रलला, एक चाक फिरवायचं. दुसरं उलट फिरलं तर साधं डिफ, त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी. मुंबईत सगळीकडे हेच करतात आणि प्लेटवाल्या डिफला ते बऱ्यापैकी लागूही पडतं. पण प्रत्येक एलएसडीला नाही, आणि ही गोष्ट मी गिऱ्हाइकाची गाडी खोलून शिकलो.

तेव्हा मला कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. एक जपानी कूपे आली, तक्रार तुमच्यासारखीच: एक चाक फिरतं. मी गाडी वर घेतली, चाक फिरवलं, दुसरं उलट फिरलं. मी डिफ खाली उतरवून खोललं. आत सगळं नव्यासारखं, कारण आत प्लेटा नव्हत्याच. ते टॉर्सेन होतं, वर्म गिअरवालं. दोन्ही चाकांना कायम थोडं एकत्र धरून ठेवणारा आधीचा ताण (प्रीलोड) त्यात जवळजवळ नसतो. ते काय करतं, तर कमी पकड असलेलं चाक जेवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेतंय त्याच्या ठरावीक पट दुसऱ्या चाकाला देतं. हे प्रमाण अडीच धरा. घसरणारं चाक १०० न्यूटन-मीटर घेत असेल तर दुसऱ्याला २५० पर्यंत मिळतात. पण हवेत लटकलेलं चाक शून्य घेतं, आणि शून्याची अडीच पट शून्यच. गाडी वर घेतली की टॉर्सेन साध्या डिफसारखंच वागतं. दोन दिवस त्या माणसाची गाडी माझ्यामुळे अडकली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ते डिफ परत बसवल्यावर आमच्या फोरमनमामांनी मला शेजारच्या बिल्डिंगच्या रॅम्पवर नेलं. गाडी मुद्दाम तिरकी चढवली, मागचं उजवं चाक हवेत लटकलं. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणारं चाक आपोआप आवरणारी यंत्रणा, बंद. पहिला गिअर, हलकी रेस, आणि हवेतलं चाक नुसतं फिरत राहिलं. मग मामांनी हँडब्रेक दोन दात ओढला. लटकलेल्या चाकाला रोध मिळाला आणि गाडी गपचूप वर सरकली. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीतही टॉर्सेन असतं, आणि अडकल्यावर तिचे ड्रायव्हर हेच करतात: रेस देता देता ब्रेक हलका दाबायचा.

व्हिस्कस प्रकाराची गोष्ट आणखी वेगळी. निस्सान ३७०झेडमध्ये ते यायचं. बंद डब्यात भोकं असलेल्या प्लेटा आणि घट्ट सिलिकॉन द्रव. दोन चाकांच्या वेगात फरक पडला तरच ते पकडतं. हाताने हळू फिरवलं तर चांगलं व्हिस्कसही सैल लागतं, वेगाने फिरवायला गेलं की जड होतं. ते गेलं तर दुरुस्ती नाही, आख्खं बदलायचं. आणि फोक्सवॅगन पोलो जीटीआयच्या एक्सडीएसमध्ये तर मेकॅनिकल काही नसतंच, फिरणाऱ्या आतल्या चाकाला ब्रेक लावून काम भागवतात. तिथे डिफ तपासण्यात अर्थच नाही, ब्रेक पॅड बघायचे.

म्हणून पहिलं काम: आधीच्या मालकाला फोन करा आणि विचारा, नेमकं कोणतं डिफ बसवलं, कंपनीचं की बाहेरचं, वनवे की टूवे. वनवे फक्त रेस दिल्यावर लॉक होतं, टूवे रेस सोडल्यावरही तेवढंच. रेसिंगसाठीचं, धातूच्या प्लेटांचं, कडक बांधलेलं टूवे असेल तर पार्किंगमधली कडकड हा त्याचा स्वभाव आहे, त्याला बिघाड म्हणता येत नाही. तसं असेल तर रोजच्या वापराला त्याचा ताण थोडा कमी करून घेता येतो.

आता तुमचे टायर. २४५/४० आर१८ धरतो, साधारण त्याच आकाराचे असतील. असा टायर एका फेरीत २.०५ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला जवळपास ४९० फेऱ्या. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ उरली असेल तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, परिघात ३१. गुणाकार केला तर दर किलोमीटरला एका चाकाला दुसऱ्यापेक्षा १५ मीटर जास्त फिरायला लागतं. हा कागदावरचा हिशेब आहे, रस्त्यावर टायर दबतो त्यामुळे फरक कमी भरतो. पण दिशा तीच. सरळ रस्त्यावर, पवईहून नरिमन पॉइंटपर्यंत, तुमच्या प्लेटा एक क्षणही शांत बसत नाहीत. सतत घासतायत, तापतायत, आणि त्यांच्यासोबत ऑइलही.

आणि पावसात कोणतं चाक फिरतं? हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण सगळ्यात आधी मला तेच विचारायचंय. उजवं, म्हणजे जुन्या टायरचं फिरत असेल, तर बरंचसं उत्तर तिथेच आहे. ३ मिलिमीटरचा टायर पाणी बाहेर फेकत नाही, आणि जे.जे. पुलाच्या वळणावर ओल्या लोखंडी सांध्यावरून जाताना त्याची पकड आधी सुटते. सांध्यावर अर्धा क्षण एक चाक सुटणं हे ठणठणीत एलएसडीलाही होतं. सांधा गेल्यावरही चाक फिरतच राहतं का, ते महत्त्वाचं.

ही गोष्ट अंदाजावर सोडू नका. एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या, प्रत्येक चाकाचा वेग मोजणाऱ्या यंत्रणेचा) डेटा वाचणारा स्कॅनर कुणाकडून तरी मिळवा. स्वस्तातले ब्लूटूथवाले बहुतेक फक्त इंजिन वाचतात, ते चालणार नाहीत. शेजारी कुणाला तरी बसवून मागच्या डाव्या-उजव्या चाकाचा वेग एका ग्राफवर लावा. आधी ईस्टर्न फ्रीवेवर सरळ, एकसारख्या ६० ला. दोन्ही रेषा एकावर एक हव्यात. एक कायम ६० आणि दुसरी ६१ दाखवत असेल तर टायरचा फरक डोळ्यांसमोर आला. मग बंद मोकळ्या जागेत, परवानगी घेऊन, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून, हळू वळणात रेस वाढवा. वळताना आतल्या चाकाची रेषा खाली असते. रेस दिल्यावर चांगलं एलएसडी दोन्ही रेषा जवळ ओढतं. साध्या किंवा मेलेल्या डिफमध्ये आतल्या चाकाची रेषा उसळी मारून बाहेरच्याच्या वर जाते. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवलंत तर ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि तुम्हाला डिफचं वागणं दिसतच नाही. उघड्या रस्त्यावर, रात्री दोन वाजताही, हा प्रयोग करू नका.

याच आतल्या चाकाच्या उसळीमुळे एलएसडी जन्माला आलं, हे मला फार आवडतं. ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या ग्रां प्री शर्यतीच्या गाड्यांची ताकद एवढी होती की वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फिरायचं, म्हणून फर्डिनांड पोर्शेने १९३५ च्या सुमारास झेडएफ या जर्मन कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफ बनवून घेतलं.

आता ऑइल. माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. प्लेटवाल्या डिफला साधं ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल चालत नाही. त्यात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, म्हणजे प्लेटा सरकताना एकदम न धरता सावकाश धरतील. काही ऑइलमध्ये तो आधीच मिसळलेला असतो, डब्यावर एलएस किंवा लिमिटेड स्लिप लिहिलेलं असतं. सर्व्हिसिंगला कुणी न बघता साधं गिअर ऑइल भरलं असेल तर पार्किंगमधली कडकड हमखास येते. तुमचं बिल काढून ग्रेड बघा. आवाज दिवाळीच्या आधी होता का, तेही आठवून बघा.

ऑइल बदलताना गाडी सपाट उभी हवी आणि वरचा, भरायचा नट आधी सुटतोय का बघायचं. खालचा काढून ऑइल सांडलं आणि वरचा जाम निघाला तर गाडी तिथेच बसते. हे मी पाहिलंय. खालच्या नटावर बहुतेक वेळा लोहचुंबक असतो. त्यावर करडी पेस्ट, टूथपेस्टसारखी मऊ, ती नेहमीचीच आहे. दोन बोटांत चोळून बघा. खरखर लागली, चकत्या किंवा दाताचा तुकडा निघाला, तर डिफ खोलायला लागेल, मग त्यावर वाद नाही. काळं आणि जळकट वासाचं ऑइल म्हणजे प्लेटा तापल्यात. टायरच्या हिशेबाने तुमच्याकडे तसंच निघेल असं मला वाटतं.

योग्य ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. मॉडिफायर वेगळा घालायचा असेल तर सुरुवातीला बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा थोडा कमी. जास्त झाला तर आवाज जातो, पण पकडही जाते, मग तुमची दुसरी तक्रार खरीच होऊन बसेल. त्यानंतर रिकाम्या मैदानात चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठच्या आकड्यात दोन्ही बाजूंनी दहा-दहा फेऱ्या मारा, म्हणजे ऑइल प्लेटांच्या मधे जाईल. त्याआधी मागचे दोन्ही टायर सारखे करून घ्या, नाही तर नवं ऑइलही जळेल.

एवढं करून स्कॅनरचा ग्राफ परत काढा. तरीही आतली रेषा उसळत असेल तर टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, मोजायला सांगा. पुढच्या चाकांना आणि जमिनीवरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक वर आणि गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. हबच्या मध्यावर रेंच लावून चाक किती जोराला हलतं ते बघायचं आणि त्या डिफच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. आकडा कमी आला तरी पूर्ण डिफ बदलायला नको, बहुतेक वेळा प्लेटांचा संच आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) बदलून काम होतं. त्या गॅरेजने यातलं काहीही मोजलेलं नाही. त्यांनी चाक फिरवलं आणि आकडा सांगितला.

आणि शेवटी बदलायचंच ठरलं, कुर्ल्याहून जुनं आणायचं झालं, तर पैसे देण्याआधी रेशो तिथेच मोजा. क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफमधल्या मोठ्या आणि लहान गिअरचा, रेशो तुमच्या गाडीचाच हवा, नाही तर स्पीडोमीटरपासून गिअरपर्यंत सगळं बिघडतं. दोन्ही बाजूंचे फ्लँज (जिथे चाकांकडे जाणारे दांडे जोडतात ते) एकत्र एक पूर्ण फेरी फिरवा आणि पुढच्या पिनियनवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजा. तीन आणि साधारण दोन-तृतीयांश आल्या तर रेशो ३.६ ते ३.७ च्या आसपास. दहा फेऱ्या मोजून भागलं तर आकडा नीट कळतो. ग्राफ काढलात की दोन्ही रेषांचा फोटो आणि मागच्या दोन्ही टायरच्या नक्षीचं माप खाली टाका, मी बघून सांगतो.