संडास तुंबलाय? फ्लशला हात लावू नका

घाबरू नका, पहिल्या वेळी सगळ्यांचीच तारांबळ उडते. मोठी चूक एकच: पुन्हा पुन्हा फ्लश ओढणं. पाणी फरशीवर येतं, आणि सोलापुरात नळ येतो काही दिवसांआड. ते पाणी असं घालवणार?

- साधा रबरी प्लंजर आणा, म्हणजे दांड्याला लावलेली रबरी वाटी. वाटी पाण्यात बुडलेली हवी, नाहीतर नुसती हवा ढकलाल. दाबता तितक्याच जोरात वर ओढा, पंधरा-वीस वेळा. गुडगुड करून पाणी झपकन खाली गेलं की सुटलं.
- अ‍ॅसिड ओतून प्लंजर मारू नका, शिंतोडे डोळ्यांत जातात. उकळतं पाणीही नको, भांडं तडकतं.

मी एकदा सळई घातली होती. भांड्याला चरा पडला, बोळा तिथंच.

मोरीतूनही पाणी वर येत असेल तर पुढची लाईन किंवा चेंबर तुंबलंय. सरळ प्लंबर बोलवा.