मशीनने दात साफ केले की दात सैल होतात का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५४, गेल्या आठवड्यात दवाखान्यात मशीनने दात साफ करून घेतले, आणि तेव्हापासून खालचे पुढचे दात हलतायत, गार पाणी लागलं की सणक जाते. शेजारच्या काकूंच्या मते मशीननेच दात सैल केले. आई लग्नाआधीपासून मिश्री लावते, हे तुम्ही शेवटी जाता जाता सांगितलंय. खरं तर ते आधी सांगायला हवं होतं.

मी दातांची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. काकूंना जे दिसलं ते खोटं नाही, पण दोष भलत्यावरच गेलाय.

खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेखाली, लाळग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. दातांवरचा मऊ पांढुरका थर ब्रशने निघाला नाही, की दोन-तीन दिवसांतच तो कडक व्हायला लागतो आणि त्याचं किटण होतं. वर्षानुवर्षं साचलं तर चार-सहा दातांमागे एकच सलग पट्टी तयार होते. मिश्री लावणाऱ्यांमध्ये काळपट तपकिरी. जीभ फिरवली तर दात सुटे सुटे लागतच नाहीत, नुसता खडबडीत कठडा लागतो. त्या कठड्याखाली हिरडी सुजते आणि दात धरून ठेवणारं हाड गुपचूप झिजत जातं. दुखत नाही, म्हणून कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. दात आतून केव्हाच सुटलेले असतात, पण किटणाने एकमेकांना चिकटवून उभे ठेवलेले. ते काढलं की हलणं उघडं पडतं. फटी दिसतात त्याही नव्या नसतात, तिथे किटण बसलेलं होतं. मशीनचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरून किटण फोडतं. धडधाकट दात हलवण्याइतका जोर त्यात नसतो.

सणक जाते कारण हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलंय, आणि मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं कडक बाहेरचं कवच, नसतं. बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट आणा. रात्री ब्रश झाल्यावर तीच थोडी बोटावर घेऊन मुळाशी लावून ठेवायची, लगेच चूळ भरायची नाही. (आईंच्या बोटाला सवय आहेच, ती कामी येईल.)

मात्र एवढ्यावर थांबू नका. एक्स-रे काढून हाड किती उरलंय ते बघायला हवं. हिरडीखालीही किटण असेल तर भूल देऊन खोलवर साफ करावं लागतं, कधी हिरडी उघडून शस्त्रक्रिया. फार हलणारे दात मागून बारीक तार आणि कंपोझिट (दाताच्या रंगाचा भरायचा मसाला) लावून एकत्र बांधता येतात. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, उरलेलं मात्र राखता येतं. खासगीतला खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. वेळ मोडतो, पण पैसे बरेच वाचतात.

आता मिश्री. ती भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बघायला येतंय? हिरड्या खाली सरकतातच, पण मला जास्त काळजी तोंडाच्या कॅन्सरची असते. गाल आणि ओठ उलटून बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर हलणारे दात बाजूला ठेवून आधी ते दाखवा. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे आई म्हणतीलच. तलफ खरी असते, टोमणे मारून सुटत नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, त्यावर बोलायला लावा.

आणखी एक, साखर तपासली आहे का? मधुमेह असला की हिरड्या लवकर खराब होतात, आणि हिरड्या खराब असल्या की साखर आटोक्यात राहत नाही. पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरकडे जाताना एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या.