रावेरला केळी आहे, हाताशी फक्त कमाल-किमान तापमान. झाडाला रोज पाणी किती लागेल?

हवामान केंद्र नसलं तरी हारग्रीव्ह्जच्या सूत्रावर काम भागतं. बाष्पपर्णोत्सर्जन, म्हणजे जमिनीतून आणि पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी (मिमी/दिवस) = ०.००२३ × वातावरणाबाहेरचं सौर प्रारण (सूर्याची ऊर्जा, तिने दिवसाला किती मिमी पाण्याची वाफ होईल या मापात) × (सरासरी तापमान + १७.८) × कमाल-किमान फरकाचं वर्गमूळ.

प्रारण मोजावं लागत नाही, ते अक्षांश आणि महिन्यावरून ठरतं. खानदेश २१ अंशांच्या आसपास, त्यामुळे मे महिन्यात साधारण १६.१ मिमी, डिसेंबरात १०.३ धरा. तक्त्यात आकडा मेगाज्यूलमध्ये (ऊर्जेच्या एककात) असेल तर आधी ०.४०८ ने गुणा. हे राहिलं की उत्तर अडीचपट येतं.

समजा मे महिन्यात कमाल ४३, किमान २७. सरासरी ३५, फरक १६, वर्गमूळ ४. म्हणजे ०.००२३ × १६.१ × ५२.८ × ४ = ७.८ मिमी. हा आकडा पिकाच्या गरजेत बदलणारा गुणक म्हणजे पीक गुणांक; पूर्ण वाढलेल्या केळीचा तो १.१ धरला तर ८.६ मिमी. लागवड ५ × ५ फुटांवर, म्हणजे झाडामागे सुमारे २.३ चौरस मीटर. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, तेव्हा झाडाला रोज २० लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून २२ सोडा.

एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठ-दहा दिवसांची सरासरी घ्या. सूत्रात वारा नाही, म्हणून लू वाहते तेव्हा उत्तर कमी येतं. पावसाळी दमट हवेत जास्त. आणि थर्मामीटर पत्र्याखाली टांगलेला असेल तर कमाल फुगते, सगळं गणितच वाया!